चोवीस तारांचं मागचं चाक

स्वार त्रेचाळीस वर्षांचे, वजन ९२ किलो, नोकरी बँकेत, घर सोलापुरात होटगी रोडला. सायकल ॲल्युमिनियमची रोड बाईक, रिम ब्रेकची, म्हणजे चाकाच्या बाहेरच्या कड्याला (रिमला) दोन्हीकडून पकडणाऱ्या ब्रेकची. चाकं सायकलसोबतच आलेली, पुढे २० तारा (स्पोक), मागे २४. रविवारी तुळजापूर, अधूनमधून अक्कलकोट, आणि थंडी पडली की ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड. त्या हंगामात २०० आणि ३०० किलोमीटर झाले होते, ४०० आणि ६०० राहिले होते. एका हंगामात चारही केले की ‘सुपर रँडोनर’ म्हणवून घेता येतं, आणि साहेबांना तेच म्हणवून घ्यायचं होतं.

तीनशेच्या ब्रेव्हेत परतीच्या वाटेवर रात्री मागच्या चाकातून ‘टण्’ असा आवाज आला आणि चाक ब्रेकला घासायला लागलं. ब्रेव्हेचा नियम असा की ठरलेली कंट्रोल (तपासणीची ठिकाणं) सोडून मधे कुठेही बाहेरची मदत घ्यायची नाही. साहेबांनी मागचा ब्रेक पूर्ण उघडला, पुढच्या ब्रेकवर भिस्त ठेवली आणि डुगडुगत वीस तासांच्या मुदतीत कसेबसे पोचले. ही तुटलेली चौथी तार. आधीच्या तीन शहरातच गेल्या होत्या, आणि दर वेळी जवळच्या दुकानात एकेक बदलून घेतली होती.

माझ्याकडे, म्हणजे चाकं बांधणाऱ्याकडे, आले ते निर्णय घेऊनच. “तारा तुटालल्यात की ओ मालक. आता कार्बनची चाकं घेऊन टाकतो म्हणतो. हलकी पण होतील आणि कटकट पण जाईल.” मोबाईलवर जोडी दाखवली. ५० मिलिमीटर खोल रिम, वजन १,४५० ग्रॅम, तारा पुन्हा पुढे २० आणि मागे २४. किंमत त्यांच्या अख्ख्या सायकलच्या निम्म्याहून जास्त.

हलकेपणा आणि टिकाऊपणा या दोन मागण्या साहेबांनी एकाच वाक्यात बांधल्या होत्या. आधी त्या सोडवून वेगळ्या करायच्या होत्या. एका खरेदीत दोन्ही मिळतीलही, पण एकीमुळे दुसरी आपोआप मिळत नाही.

तुटलेल्या तारा काय सांगत होत्या

साहेब नीटनेटके माणूस. तुटलेल्या चारही तारा त्यांनी सीटखालच्या पिशवीत रबरबँड लावून जपून ठेवल्या होत्या, त्यामुळे अर्धं काम तिथेच झालं. चारही एकाच जागी तुटल्या होत्या, हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) भोकातून बाहेर येताना तार जिथे कोपरासारखी वळते तिथे. भिंगातून बघितलं तर तुटलेल्या तोंडाचा एक भाग गुळगुळीत आणि काळपट, उरलेला खरखरीत आणि चकचकीत. भेग हळूहळू सरकत आली की तो काळा भाग तयार होतो. शेवटी उरलेला धातू भार पेलू शकत नाही आणि एका झटक्यात जातो, तो चकचकीत भाग. म्हणजे त्या रात्री खड्डा लागला म्हणून तार तुटली असं नव्हतं. ती बरेच महिने तुटत होती.

दुसरी खूण जास्त बोलकी. चारपैकी तीन तारा डाव्या बाजूच्या होत्या. साहेबांना याचं नवल वाटलं, कारण चेन उजवीकडे, जोर उजवीकडे, मग डावीकडच्या का तुटाव्यात? मागच्या हबवर उजवीकडे कॅसेट (गिअरच्या दातेरी चकत्या) बसते, त्यामुळे उजवी फ्लँज (तारा अडकवायची हबची कड) आत सरकलेली असते. रिम मात्र फ्रेमच्या मधोमधच हवी. मग उजव्या तारा जवळपास उभ्या आणि खूप ताणलेल्या, डाव्या तिरक्या आणि त्यामानाने सैल. चांगल्या चाकातही डावीकडचा ताण उजवीकडच्या निम्म्यापेक्षा थोडा जास्त, एवढाच असतो. उजवीकडेच ताण कमी पडला की डावीकडे जवळजवळ काही उरतच नाही.

आणि सैल तारच आधी मरते. पुष्कळांची समजूत उलटी असते. चाक जमिनीला टेकतं तिथल्या खालच्या तारांचा ताण दर फेऱ्याला कमी होतो आणि पुन्हा भरतो. तार पुरेशी ताणलेली असेल तर ती ताणातच थोडी खाली-वर होते. सैल असेल तर दर फेऱ्याला पार ढिली पडते, कोपरात हलते, परत झटक्याने ताणली जाते, आणि निपलही (रिमकडच्या टोकाचा तार आवळायचा छोटा नट) आपोआप सुटत जातं. फेरे किती होतात याचा हिशोब सोपा आहे. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर, सोलापूर ते तुळजापूर जाऊन-येऊन ९० किलोमीटरच्या आसपास. एका रविवारात प्रत्येक तार त्रेचाळीस हजारांच्या घरात वेळा सैल-ताठ होते.

चाक स्टँडवर चढवलं आणि फिरवलं. आऊट, म्हणजे चाकाचा डुगडुगाट, जवळपास नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या आत सरळ. साहेब म्हणाले, “बघा, दुकानवाल्याने चांगलं काढलंय.” मग एकेक तार बोटाने छेडली. उजवीकडे एक खणखणीत, शेजारची ठस्स, तिसरी त्याहून उंच सुरात. डावीकडे काही तारांना सूरच नव्हता. ताण मोजायचं मीटर लावलं तेव्हा उजवीकडे ७० ते १३० किलो असे आकडे मिळाले, डावीकडे काही ठिकाणी २० सुद्धा भरेनात.

तार बदलल्यावर आऊट काढायचा सोपा रस्ता म्हणजे चाक जिकडे जातं त्याच्या उलट बाजूची तार आवळायची. चाक सरळ होतं, गिऱ्हाईक खूष होतं. पण कुठली तार किती आवळलेली आहे हे कुणी बघत नाही. सरळ दिसणं आणि ताण सारखा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तारांची ओढाताण एकमेकींना तोलून धरत असेल तर वाकडा ताणही सरळ चाक देतो, काही दिवस. मी त्या दुकानाला दोष देत नाही. दहा मिनिटांच्या कामात आणि तेवढ्याच मजुरीत कुणीही तेच करेल. मूळ दुखणं कारखान्यातूनच आलं होतं. यंत्रावर बांधलेली चाकं बऱ्याचदा कमी ताणाची येतात आणि विकताना कुणी त्यांना पुन्हा हात लावत नाही.

उरलेल्या वीस जुन्या तारा आवळून वापरता आल्या असत्या का? नाही. त्यांनीही तेवढेच लाखो फेरे सैलपणात काढले होते. एकाच गठ्ठ्यातल्या तारा एकामागून एक जायला लागल्या की बाकीच्याही रांगेत असतात.

“मग त्याची का तुटत नाहीत?”

साहेबांचा एक सोबती आहे, ५८ किलोचा. त्याच्याकडे अशीच २०-२४ची चाकं, वर्षानुवर्षं तक्रार नाही. हा मुद्दा त्यांनी दोनदा काढला, आणि तो रास्त होता.

साहेब, सायकल, पाणी, पिशवी मिळून १०५ किलो. सोबत्याचं सगळं मिळून ७० च्या आत. मागच्या चाकावर साधारण ५५ ते ६० टक्के भार येतो. म्हणजे साहेबांच्या मागच्या चाकावर ६० किलोच्या आसपास, सोबत्याच्या ४०. शिवाय सोबती गतिरोधकावर सीटवरून उठतो, साहेब बसून घेतात. जुळे सोलापुरात कुठल्याही कॉलनीच्या तोंडाशी जे गतिरोधक आहेत ते सायकलवाल्याच्या दृष्टीने छोटी भिंतच. तेव्हा चाक चांगलं की वाईट हा प्रश्न अर्धाच आहे. कुणाखाली आणि कुठल्या रस्त्यावर, हा उरलेला अर्धा. हलक्या चाकांच्या कागदावर बहुधा वजनमर्यादा दिलेली असते. ती नुसत्या स्वाराची की सायकल-सामानासकट, हे बारीक अक्षरात असतं. साहेबांनी दाखवलेल्या जोडीची मर्यादा सामानासकट होती आणि साहेब तिच्या काठावर बसत होते.

५०० ग्रॅमचा हिशोब

जुनी चाकं काट्यावर १,९५० ग्रॅम भरली, नवी १,४५० ची म्हणून जाहिरात. फरक अर्धा किलो. तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर वसलंय, सोलापूर त्याच्या खाली. उंचीतला फरक दोनशे मीटरच्या घरात. अर्धा किलो दोनशे मीटर वर न्यायला सुमारे ९८० ज्यूल लागतात. साहेब चढावर २०० वॅट काढतात असं धरलं तर पाच सेकंद. सगळी चढाई धरून पाच सेकंद. सोपं करून सांगायचं तर १०५ किलोतला अर्धा किलो म्हणजे अर्धा टक्का, आणि वीस मिनिटांच्या चढात अर्धा टक्का म्हणजे सहा सेकंद. चढावर ग्रॅम हा ग्रॅमच असतो, तो चाकात असो की बाटलीत. साहेब दोन बाटल्या घेऊन घाट चढतात, आणि वर पोचतात तेव्हा दुसरी निम्मी भरलेलीच असते.

“पण चाकाचं वजन दुप्पट धरतात म्हणे?” हे बरोबर आहे, पण फक्त वेग वाढवताना. रिमवरचं वजन पुढेही जातं आणि गोलही फिरतं, म्हणून त्याला वेगात आणायला दुप्पट ऊर्जा लागते. तो अर्धा किलो सगळाच रिमवर आहे असं साहेबांच्या बाजूने धरून चालू. सिग्नलवरून ३० किलोमीटर वेग गाठायला त्यांना सुमारे ३,६०० ज्यूल लागतात, त्यात या अर्ध्या किलोचा वाटा ३५. ३०० वॅटचा जोर लावला तर सेकंदाचा आठवा-नववा भाग. एकदा वेग धरला की तोही खर्च नाही, उलट जड चाक वेग जरा धरून ठेवतं. विजापूर रोडला सकाळी सहाला निघून एकच लय धरणाऱ्या माणसाला त्या दुपटीचा काय उपयोग?

ज्याला उपयोग आहे तोही सांगतो. छोट्या वळणदार सर्किटवर दर वळणाला ब्रेक आणि दर वळणानंतर स्प्रिंट असेल, किंवा शर्यत शेवटच्या चढावर दोन सेकंदांनी सुटणार असेल, तर हलकी चाकं घ्यावीत. आणि एक गोष्ट हिशोबात येत नाही. हलकं चाक पायाखाली चटपटीत वाटतं, सायकल लगेच उत्तर देते. तो आनंद खरा आहे. त्यासाठी पैसे घालवायला माझी हरकत नाही, फक्त त्याला वेळ वाचवणं म्हणू नये.

खोल रिमचा फायदा वजनात नाही, हवेत आहे. सपाटीवर तिशीच्या वेगाला बहुतेक जोर हवा कापण्यातच जातो, त्यामुळे तिथे काही वॅट नक्की वाचतात. पण साहेबांचं पोट आणि फडफडणारं जर्किन बघता ते वॅट आधी दुसरीकडून काढता आले असते. हे मी बोललो, ते हसले. शिवाय आपल्याकडचं उघडं माळरान. पुण्याच्या नाहीतर हैदराबादच्या रस्त्याला बाजूने वारा असताना ट्रक शेजारून गेला की खोल रिमचं पुढचं चाक हँडल ओढतं. सहाशेच्या दुसऱ्या रात्री, डोळ्यांवर झोप असताना, मला ते नको वाटलं असतं.

कार्बनबद्दल आणखी एकच. साहेबांची सायकल रिम ब्रेकची. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवला की कार्बन रिमची कड तापते, आणि पावसात तिच्यावर ब्रेकची पकड ॲल्युमिनियमइतकी भरवशाची नसते. डिस्क ब्रेकवाल्यांना ही भीती नाही.

काय ठरलं

मी सांगितलं, मागचंच चाक नवीन बांधू. पुढच्या चाकात खोट नाही, दोन्ही बाजू सारख्या, भार कमी. त्याचा ताण सारखा करून तेच वापरू.

मागे शिमानो टियाग्राचा ३२ भोकांचा हब. कप-कोनाचा, म्हणजे घरी उघडून साफ करता येतो. आत पाव इंची छर्रे, बाजूला नऊ-नऊ, शहरात कुठल्याही सायकल दुकानात चिमूटभर पैशांत मिळतात. सीलबंद बेअरिंगचे हब वाईट नसतात, पण नेमका नंबर मिळेपर्यंत सायकल भिंतीला टेकून राहते. रिम दुहेरी भिंतीची, ४६० ग्रॅमच्या आसपास. तारा दोन्ही टोकांना २ मिलिमीटर आणि मधे १.८. मधे बारीक म्हणजे कमजोर असं वाटतं, पण तो बारीक भाग जरा जास्त ताणला जातो आणि कोपरावरचा मार स्वतःवर घेतो. सरसकट जाड तारेचं चाक कोपरात आधी थकतं. डावीकडे याहूनही बारीक तारा लावणारे कारागीर आहेत, आणि त्यांचा तर्क बरोबर आहे. मी लावल्या नाहीत, कारण तार गेली तर वाटेत हाताशी एकाच जाडीच्या असाव्यात. निपल पितळेचे. ॲल्युमिनियमचे वीसेक ग्रॅम वाचवतात, पण घाम, धूळ आणि पाणी खाऊन वर्षा-दोन वर्षांत ते आत धरून बसतात आणि आऊट काढायला गेलं की तिथेच फुटतात.

साहेबांचा चेहरा पडला तो ३२ आकडा ऐकून. “डब्बा होईल की ओ.” मग काट्यावर आठ तारा आणि आठ निपल ठेवून दाखवले. साठ ग्रॅमसुद्धा नाहीत. दोन घोट पाणी. चाक बांधून झाल्यावर तोललं तर ते जुन्या २४ तारांच्या चाकाएवढंच भरलं, १,०८० ग्रॅमच्या आसपास, कारण जुन्या चाकाची रिम आणि हबच जड होते. तारा कमी ठेवल्या म्हणजे चाक हलकं, हा समज दुकानातल्या दिखाऊपणातून आलेला आहे. कमी तारांना तोलायला रिम जाड करावी लागते आणि वजन तिथे परत येतं.

बांधताना प्रत्येक तारेच्या आट्याला जवसाचं तेल. आधी ते वंगणाचं काम करतं, पुढे सुकून निपलला धरून ठेवतं. सोलापुरात ते शोधायला लांब जावं लागत नाही. ताण उजवीकडे ११५ ते १२० किलो, डावीकडे सत्तरच्या आत, पण एका बाजूच्या सगळ्या तारा एका सुरात. मग समांतर जोड्या मुठीत धरून जोरात दाबायच्या, सगळ्या, दोन्ही बाजूंनी, पुन्हा पुन्हा. कोपर फ्लँजवर नीट बसतात, अडकलेला पीळ सुटतो, आणि प्रत्येक फेरीनंतर चाक थोडं हलतं. हलायचं थांबेपर्यंत दाबायचं. या कामाला वेळ लागतो आणि ते चाक बघून कळत नाही, म्हणून ते पहिल्यांदा गाळलं जातं.

टायर २५ मिलिमीटर रुंदीचा काढून २८ चा घातला. आधी फ्रेम आणि ब्रेकमधली जागा मोजली, दोन्हीकडे तीनेक मिलिमीटर उरत होती. पूर्वी साहेब ११० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरायचे, आता मागे ८०-८५. सकाळी पंचविशीच्या तापमानात ८५ भरलेली हवा टायर ५० अंशाला तापल्यावर आठेक पीएसआयने चढते, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्या डांबराला ५० अंश म्हणजे काहीच नाही. ट्यूबलेसचा विषय निघाला होता. बाभळीच्या काट्यांवर तो चांगला उतारा आहे, पण आतलं भोक बुजवणारं सीलंट आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं, ते वेळोवेळी तपासणारा माणूस हवा. साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं की तो मी नव्हे.

खर्च कार्बनच्या जोडीच्या चौथ्या हिश्शातही बसला.

पुढे काय झालं

पहिल्या लांब राईडनंतर चाक पुन्हा स्टँडवर आलं. आऊट कागदाच्या जाडीइतका, ताण जागेवर. चारशे झालं, सहाशे चाळीस तासांच्या मुदतीत झालं. मधे ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीतून पडलेल्या कांड्यावरून साहेब अंधारात सरळ गेले, रिमच्या कडेला ओरखडा आला, चाक फिरत राहिलं. तुळजापूर घाटाची त्यांची वेळ होती तेवढीच आहे. ती त्या दिवशीच्या वाऱ्यावर आणि आदल्या रात्रीच्या जेवणावर जास्त अवलंबून असते.

एका चाकावरून सगळं सिद्ध होत नाही, हे खरं. टायर रुंद झाला, हवा कमी झाली, आणि साहेबही गतिरोधकावर उठायला शिकले. यातलं नेमकं किती कशामुळे, हे वेगळं काढता येणार नाही. पण जुन्या चाकातल्या डाव्या तारांचा तो २० चा आकडा पाहिल्यावर मुख्य कारणाबद्दल मला शंका उरली नाही.

कार्बनचा नाद मात्र सुटलेला नाही. परवा फोन आला, “मालक, पुढचं एकटंच घेतलं तर?” घ्या म्हटलं, तिसाच्या आसपासच्या खोलीचं घ्या, दिसतंही चांगलं. त्याआधी मागच्या रिमची ब्रेक घासते ती पट्टी पावसाळ्यानंतर दाखवून जा. आपल्या रस्त्यावरचा चिखल आणि बारीक कच ब्रेक पॅडमध्ये रुततो आणि ॲल्युमिनियम खरवडतो. तिच्यावर पोलादी मोजपट्टी आडवी धरून खाली उजेड दिसला, म्हणजे रिम आत खोलगट झाली. तेव्हा त्याच मापाची नवी रिम जुनीला चिकटपट्टीने जोडून तारा एकेक करून पलीकडे सरकवायच्या. हब आणि तारा त्याच राहतील. डाव्या-उजव्या दोन्ही मापाच्या दोन-दोन सुट्या तारा आत्ताही त्यांच्या फ्रेमला टेपने बांधलेल्या आहेत.